सेज, बॅच ८ : शेवटी पान वाजलं!

काल रात्री साडेअकराला पान वाजलं! देठाजवळ धरून वाकवलं तर कट्कन दोन तुकडे, आणि बोटांना तो वास, कापूर आणि निलगिरीच्या मधला, ओल्या पानाला असतो तोच पण घट्ट झालेला. सेज म्हणजे चहासाठी लावलेली सुवासिक पानांची वनस्पती, कुंडीतली तिची पानं नागपूरच्या पावसाळ्यात घरी वाळवायचा हा माझा आठवा प्रयत्न. जुलैपासून ह्या एका आवाजाची वाट पाहून राहिली होती मी. बाबा (माझे सासरे) झोपायच्या तयारीत होते, त्यांना बोलावलं, ते चष्मा लावून आले, त्यांनीही एक पान मोडून पाहिलं आणि म्हणाले, "झालं बेटा, हे वाळलं."

आता पहिल्यापासून सांगते, कारण मधे खूप वाईट दिवस गेले.

मागच्या वेळी इथे लिहिताना मी बॅच ६ बरणीत भरली म्हणून किती आनंदानं सांगितलं होतं. ती गेली. पूर्ण गेली. २१० ग्रॅम ओली पानं होती, चार कुंड्यांची अख्खी श्रावणातली तोड. सुती चादरीवर पसरून पाच दिवस सिलिंग फॅनखाली ठेवली, रोज उलटवली, वजन ५८ ग्रॅमवर आलं आणि तिथंच थांबलं. दोन दिवस ५८ च. मला वाटलं थांबलं म्हणजे वाळलं. पान हाताला कोरडंही लागत होतं, म्हणून बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, रस्त्यावर पोरं "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होती तेव्हा मी पाहुण्यांसाठी चहा करायला बरणी काढली, झाकण उघडलं आणि नाकाला तळघरासारखा वास आला. वरची पानं ठीक दिसत होती. हात घातला तर मधली एकमेकांना चिकटलेली, आणि मधल्या शिरेवर करड्या पांढऱ्या रंगाचा कापसासारखा थर. सेजच्या पानावर मुळातच पांढरी लव असते, त्यामुळे आधी दिसतच नाही बुरशी. उजेडात धरून नीट पाहिलं तरच कळते. हे लक्षात ठेवा, अशा बरणीतलं एकही पान वापरू नका, वरचं चांगलं दिसलं तरी. मी सगळं फेकलं, रडू आलं खरंच.

मग वही घेऊन हिशोब करायला बसली. ताज्या सेजमधे पाऊणपेक्षा जरा जास्त पाणीच असतं. म्हणजे २१० ग्रॅममधला कोरडा माल ४६-४७ ग्रॅम, आणि टिकण्यासाठी दहाएक टक्के ओल चालते असं धरलं तर वजन ५० च्या आसपास यायला पाहिजे होतं. माझं ५८ वर थांबलं, म्हणजे पाचवा हिस्सा पाणी मी बरणीत बंद केलं होतं. तरी वजन पुढे उतरत का नव्हतं? कारण खोलीतली हवाच ८५ टक्के आर्द्रतेची. पान हवेला पाणी देतं तसं हवेकडून घेतंही, दोघांचं बरोबरीत आलं की थांबलं. फॅन किती जोरात फिरवा, तो तीच ओली हवा फिरवतो. हे कळायला मला सहा बॅच लागल्या.

मुळात सेज भूमध्य समुद्राच्या बाजूचं झाड, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे नेमकं उलट, वर्षाचा हजारेक मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधेच. तिकडचे लोक जुड्या बांधून छताला टांगतात आणि विसरून जातात. मी बॅच २ ला तसंच टांगलं होतं, काळं पडलं होतं.

ओव्हन सुचवला होता काही जणांनी. करून पाहिला. माझा ओव्हन कमीत कमी शंभरवर जातो, दार उघडं ठेवलं तरी पानं तपकिरी, आणि अख्ख्या घरात वास. घरात वास आला म्हणजे तो पानातून गेला, कपात काय उरणार? सेजची मजा त्याच्या तेलात आहे आणि ते उडून जाणारं तेल आहे. ३५ ते ४५ डिग्री, त्याच्या वर नको, हे माझं आता पक्कं मत आहे. मायक्रोवेव्हही मला पटला नाही, कडा करपतात आणि मधली शीर ओली राहते.

तर ४० डिग्री कुठून आणायचे? मे महिन्यात नागपूरला ते फुकट मिळतात, दारं लावली तरी आत येतात! आता सप्टेंबरमधे विकत घ्यायला लागतात.

इथे बाबांना कल्पना सुचली. गच्चीवर ताडपत्रीखाली जुना टिनाचा कुलर पडून होता, टाकी गंजलेली म्हणून दोन उन्हाळे लावलाच नव्हता. ते म्हणाले, पेटी तयार आहे, तीन बाजूंना हवा यायच्या जाळ्या आहेत, पुढे पंखा आहे, आणखी काय पाहिजे तुला? कुलरचं गवत काढलं, पाण्याचा पंप काढला, टाकी घासून दोन दिवस कोरडी केली, आत लाकडी पट्ट्यांवर मच्छरदाणीची जाळी ठोकून तीन ट्रे बनवले. खाली टाकीत दोन शंभर वॅटचे बल्ब, जुने, तारेचे. हे बल्ब शोधायला मी अर्धी सीताबर्डी पायी फिरली, सगळे एलईडीच दाखवतात आणि एलईडीनं आपलं काम होत नाही, तो तापत नाही. शेवटी इतवारीत एका जुन्या दुकानात मिळाले, तो म्हणाला आता हे फक्त कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला नेतात लोक. चार घेऊन ठेवले.

बॅच ७, १६० ग्रॅम, सकाळी आठला टाकली. पंखा चालू, बल्ब चालू, मला वाटलं संध्याकाळी झालंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजन ४५, यायला पाहिजे होतं ३८-३९. तिसऱ्या दिवशी सकाळी ४६. वाढलं! रात्रभर पाऊस होता. आतमधे छोटं आर्द्रतामापक ठेवलं तर आतलं तापमान २९, बाहेरचं २८. दोनशे वॅट जळून एक डिग्री. मी आणि बाबा त्या पेटीसमोर स्टूल टाकून बसून राहिलो, मी म्हणाली अजून दोन बल्ब लावू, ते नाही म्हणाले. त्यांनी मागच्या जाळीला उदबत्ती धरली तर धूर सरळ रेषेत खेचला जाऊन पुढून बाहेर. म्हणाले, "तू भट्टी पेटवते आणि दार उघडं ठेवते. कुलरचा पंखा पूर्ण खोली गार करायसाठी असते, तो तुझी सगळी गरमी गच्चीला देऊन राहिला."

पंखाच जास्त होता! मी इतके दिवस उलटा विचार करून राहिली होती, की वारा जितका जास्त तितकं लवकर वाळेल. उन्हाळ्यात ते खरं आहे, तेव्हा हवा आधीच कोरडी असते. पावसाळ्यात आधी हवेला गरम करावं लागतं मग ती पाणी घेते, आणि गरम व्हायला तिला पेटीत थोडं थांबावं लागतं. २८ डिग्रीची ८५ टक्केवाली हवा, तिच्यात काही न घालता न काढता फक्त ४० डिग्रीला नेली की आर्द्रता ४४ च्या आसपास उतरते. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, मार्चमधल्या हवेची एक पेटीभर गच्चीवर मिळणार होती.

मग मोठा पंखा बंद. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधला हाताच्या पंजाएवढा बारा व्होल्टचा पंखा काढला, पुढच्या गोल भोकावर पुठ्ठा लावून त्यात बसवला, दोन बाजूंच्या जाळ्या पुठ्ठ्यानं बंद, फक्त मागची खालची चार बोटं उघडी. बल्बवर एक स्टीलचं ताट उपडं धरलंय, पट्टीच्या आधारानं, नाहीतर खालच्या ट्रेला उजेड आणि झळ सरळ लागते. पुठ्ठा बल्बपासून लांबच. अर्ध्या तासात आत ३९, आर्द्रता ४६. मी उड्या मारल्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कुलरच्या टिनाला करंट उतरतो हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी होतं. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि टाकी पूर्ण कोरडी असल्याशिवाय हे करू नका. बाबांनी आयुष्यभर वायरिंगची कामं केली म्हणून आमच्या घरी झालं, तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बॅच ८ : १८० ग्रॅम. पावसानंतर एक दिवस ऊन पडू दिलं, दुसऱ्या दिवशी दहा वाजता तोडली, धुतली नाही, फक्त झटकली. मोठी पानं शिरेवरून उभी चिरली, कारण बॅच ६ मधे बुरशी शिरेवरच सुरू झाली होती. पहाटे साडेपाचला टाकली, दर तीन तासांनी ट्रे वरखाली. दुपारी साडेअकराला ९८, संध्याकाळी साडेपाचला ५६, रात्री साडेआठला ४७, साडेअकराला ४३ आणि आवाज. आज दिवसभर एक मूठ काचेच्या बरणीत बंद करून खिडकीत ठेवली होती, काचेला आतून धुकं नाही. पंधरा दिवस रोज बघणार, मगच झालं म्हणेन.

रंग राखाडी हिरवा, तपकिरी एकही नाही!

चहा आज सकाळी केला. एक लहान चमचा चुरा, कपभर उकळून खाली उतरवलेलं पाणी, वर बशी झाकून पाच मिनिटं. झाकायलाच पाहिजे, आणि बशीच्या खाली जमलेले थेंब परत कपात झटकायचे, वास त्यांच्यातच असतो. आपल्या चहासारखं उकळू नका, कडू होतो. थोडं लिंबू, अर्धा चमचा मध. पहिला घोट घशाखाली गेल्यावर मागून गारवा येतो ना, तो ह्यावेळी आला, बॅच ३ मधे नुसता गवताचा काढा लागला होता. सासूबाईंनी पण पूर्ण कप घेतला, म्हणाल्या घसा मोकळा वाटते. जाऊबाईंना सातवा महिना आहे, त्यांना नाही दिला. सेजच्या तेलात थुजोन नावाचं एक द्रव्य असतं, गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना नको, फिट्स येतात त्यांनाही नको, आणि बाकीच्यांनीही दिवसाला एखादा कप, रोज महिनोन्‌महिने नाही. ग्रीसमधे चहाला जी तीन पाळ्यांच्या पानाची सेज वापरतात तिच्यात थुजोन बरंच कमी असतं, तिचं बी मी केव्हाची शोधून राहिली आहे.

बी-रोपांवरून आठवलं. ज्यांनी रोप कुठून आणायचं विचारलं होतं त्यांना सांगते, नर्सरीत "साल्विया" मागू नका. मला एका नर्सरीनं सेज म्हणून लाल फुलांची शोभेची साल्विया दिली होती, दीड महिना वाढवली मी ती. पान चोळून वास घ्या, खरखरीत लव पहा, वास नाही तर घेऊ नका. साल्विया हा वनस्पतींचा वंश फार मोठा आहे, सेज आणि चिया दोन्ही त्यातल्याच, आणि २०१७ मधे रोझमेरीलाही त्यातच घातलं. बी जुनं असेल तर उगवतच नाही, त्यापेक्षा कुणाकडून फांदी आणा.

आता हे लिहिता लिहिताच एक विचार पक्का होतोय. मी पेटी आणखी मोठी करायच्या मागे होती, पण कशाला? पावसाळ्यात पान भरपूर येतं पण पातळ, पाणचट, आणि हवा वैरी. मे महिन्यात हवा अशी की सावलीत दोन दिवसांत वाळेल, पण झाड हिरव्या नेटखाली जेमतेम जीव धरून असतं. ह्या दोघांच्या मधे फेब्रुवारी-मार्च आहे, थंडी खाऊन पान जाड झालेलं, फूल यायच्या आधीचं, आणि हवा कोरडी होऊ लागलेली. सेज आपल्याकडे रब्बीचं पीक समजायला पाहिजे, गहू हरभऱ्यासारखं! मुख्य तोड फेब्रुवारीअखेर, चादरीवर, सावलीत. पावसाळ्यात फक्त झाड वाचवायचं, हलकी छाटणी, आणि तेवढ्यापुरती ही पेटी. कुंडीतलं मिश्रणही बदलते, काळी माती चौथा हिस्साच, बाकी कन्हान नदीची जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं शेणखत, कारण तीन नंबरची कुंडी ऑगस्टमधे मुळं सडूनच अर्धी झाली. काळ्या मातीचा चुना सेजला चालतो, तिचं पाणी धरून ठेवणं चालत नाही.

आणि पेटी रिकामी राहणार नाही, आंबिया बहाराची संत्री आली की सालं वाळवायची आहेत तिच्यात. आतली पांढरी बाजू चमच्यानं पूर्ण खरवडून, नाहीतर कडू. फवारणी न केलेली संत्री काटोलकडच्या एका ओळखीच्या बागेतून मिळतील असं वाटतं, बोलून ठेवलंय. सेज आणि संत्र्याची साल, बहुतेक दोनास एक. पक्कं प्रमाण अजून ठरवायचं आहे.

आज संध्याकाळी चार नंबरच्या कुंडीतून बारा फांद्या कापून वाळूत लावल्या. सासूबाईंनी प्रत्येकीवर रिकामी काचेची बरणी उपडी ठेवली आहे, त्यातली एक बॅच ६ ची.