भिवपुरीहून शार्लोट तलावापर्यंत, पायी

मुंबईकर माथेरानला जातो तो नेरळहून, मिनी ट्रेनने नाहीतर टॅक्सीने. आम्ही उतरलो भिवपुरी रोडला. पहाटेची कर्जत लोकल दादरला पकडली, बाकीची मंडळी ठाण्याला आणि डोंबिवलीला चढली. ठरलं होतं एवढंच की गारबेटच्या पठारावरून चढायचं आणि डबे उघडायचे ते शार्लोट तलावावर.

गाव मागे पडलं की पाली-भूतिवलीचं धरण लागतं. सप्टेंबरात ते तुडुंब असतं. तिथून चढ सुरू. सागाच्या वाडीत एका मावशींनी हंड्यातलं पाणी आमच्या बाटल्यांत ओतलं. "भरून घ्या पोरांनो, वर सावली नाय," म्हणाल्या. तो हंडा त्यांनी किती लांबून आणला असेल, हे पुढे पठारावर घसा कोरडा पडला तेव्हा जाणवलं. पठार मात्र सोनकीने पिवळंधमक झालेलं, आणि ढग सरकले की पूर्वेला पेठच्या किल्ल्याचा सुळका दिसायचा.

या वाटेचं खरं सुख शेवटच्या टप्प्यात आहे. खालपासून पायाखाली असलेला काळा कातळ संपतो आणि लाल जांभा सुरू होतो. मी त्याच्यावर हात टेकला. भोकाभोकांचा, गार, ओला दगड. पाऊस थांबलेला होता, तरी बोटांवरून पाणी ओघळत होतं. पावसाचं पाणी हा दगड पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. माथ्यावरची ती गर्द झाडी त्यावरच जगते.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले आणि मग गिरिस्थान वसलं. पण डोंगरावर गाव वसवायचं तर पाणी अडवावंच लागतं. शार्लोट तलाव म्हणजे तेच अडवलेलं पाणी. आकाराने लहानच, एका अंगाला दगडी बांध, शेजारी पिसरनाथाचं देऊळ. बांधावरून पाणी वाहत होतं आणि माकडांचं लक्ष आमच्या थालीपिठांवर.

आमच्यातला एक भाचा बूट काढून पाण्यात उतरायला निघाला. "घरच्या टाकीत पाय घालून बसतोस का रे?" काकांनी विचारलं. तो मुकाट मागे फिरला. काकांचं मला मनापासून पटलं. हे पिण्याचं पाणी आहे. काठावरच्या वेफर्सच्या पिशव्या पाहून जीव तुटतो, म्हणून जेवण झाल्यावर दिसल्या तेवढ्या आम्ही गोळा केल्या.

परतताना बाजारात चिक्की घेतली, दस्तुरीपर्यंत चालत गेलो आणि टॅक्सीने नेरळ गाठलं. जाणार असाल तर पाऊस ओसरल्यावर जा आणि वाडीतला वाटाड्या सोबत घ्या. धुक्यात पठाराची कड दिसत नाही.