यातली खरी बाई कुठली?

गोरेगावच्या फिल्मसिटीत एका विनोदी सिनेमाचं आर्टचं काम करत होतो. गोष्ट ठकबाजीची. म्युझियममधलं १८९०च्या सुमाराचं तैलचित्र उडवायचं आणि त्या जागी नक्कल टांगायची. म्हणजे मला एकच बाई दोनदा रंगवायची होती. नऊवारी, हातावर पोपट.

नक्कल अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पकडली जाते, असा सीन होता. व्हीएफएक्सला पैसे नव्हते (कधी असतात?). म्हटलं, खरंच करू. चित्र राजा रविवर्मांच्या जमान्यातलं, आणि ते गेले १९०६ साली. टिटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या हाती आलं १९२०च्या आसपास. त्या काळच्या चित्रात हा पांढरा सापडला की बिंग फुटलंच. जर्मनीच्या बेल्ट्राकी नावाच्या नकली चित्रं रंगवणाऱ्याने १९१४चं म्हणून खपवलेलं चित्र याच रंगाने उघडं पाडलं. तेव्हा अस्सल बाईला जुना पांढरा, झिंक व्हाइट, जो त्या दिव्याखाली चमकतो; नकलीला टिटॅनियम, जो काळपट दिसतो. दोन्ही कॅनव्हासना मागून चहाचं पाणी मारलं आणि फ्रेमच्या पाठीवर खडूने खूण केली.

शूटच्या सकाळी सेटिंगच्या पोराने फ्रेमा मन लावून पुसल्या. मागूनसुद्धा.

"दादा, भिंतीवर कुठलं लावू?"

मी दहा मिनिटं पोपटाच्या चोचीकडे बघत उभा. माझ्याच हातचं काम, आणि मलाच कळेना! शेवटी डावीकडच्यावर छातीठोक बोट ठेवलं. दुपारपर्यंत हिरो त्याच्यापुढे हात जोडून 'अस्सल, अस्सल' करत होता.

जेवणानंतर दिव्याचा सीन. लाइट बंद. टेबलावरच्या नकलीवर दिवा मारला. ती काळपट दिसायला हवी होती. पण पदराचा काठ, पोपटाच्या डोळ्यातला ठिपका, सगळं हिरवट-पिवळं चमकायला लागलं. दिग्दर्शकाने काही न बोलता दिवा भिंतीकडे वळवला. तिथली बाई काळीठिक्कर.

"म्हणजे सकाळपासून आपण..."

"हो."

"कोणाला कळलं?"

स्पॉटदादा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. "मला तर दोघी जुळ्याच वाटल्या."

सकाळचं शूट तसंच ठेवलं, फक्त चित्रांची अदलाबदल केली.

पॅकअपला निर्माते आले. "यातलं ओरिजिनल माझ्या हॉलमध्ये लावायचंय." दोघींचा जन्म लालबागच्या माझ्या खोलीतला, गणपतीनंतरचा. म्हटलं, पाठवतो.

"असं नको. दिवा मारून दाखव आधी."