'विक्रीचं कारण' या रकान्यात अडकलेली माझी घड्याळं

माझ्याकडची एचएमटीची जुनी घड्याळं विकायला काढली, तेव्हा वाटलं होतं की किंमत ठरवणं अवघड जाईल. ते सहज झालं. अडलं एका रकान्यापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

जुन्या घड्याळांची ऑनलाइन खरेदी-विक्री करून देणारी एक कंपनी. तिच्या अर्जात 'विक्रीचं कारण' भरणं सक्तीचं. पर्याय ठरलेले: पैशांची गरज, वारशाने मिळालेली वस्तू, संग्रह कमी करणे, इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढे 'खाजगी' लिहिलं. अर्ज परत. 'वैयक्तिक कारण' लिहिलं. पुन्हा परत, 'कृपया सविस्तर लिहा' असा शेरा मारून. त्यानंतर माझी जाहिरात 'पडताळणी सुरू आहे'वर जी बसली ती हलेचना. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. ती घड्याळं मी का विकतेय हे माझ्या घरातलं आहे. अनोळखी माणसाला ते सांगायचं नव्हतं, इथेही सांगणार नाही.

संताप याचा की त्याच अर्जात खाली 'दुरुस्तीचा तपशील' होता, आणि तो ऐच्छिक! डायल मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, काच बदललीय का, चावीची खुंटी कुठली, हे नाही लिहिलं तरी चालतं. एचएमटी जमवणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईक फसतं ते इथेच. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता बाजारात फिरणाऱ्या 'जनता' आणि 'पायलट' या त्यांच्या मॉडेलांपैकी कितीतरी घड्याळांच्या डायली नव्याने रंगवलेल्या असतात. कारखान्यातून कधी निघालेच नाहीत असे भडक रंग, मिनिटांच्या वाकड्या रेघा, फुगलेली अक्षरं. हे ओळखायला माझ्या घरची हकीकत काय कामाची? तिथे आतल्या यंत्राचा फोटो लागतो. 'जनता' आणि 'पायलट' दोन्हीत बहुधा चावीचं ०२३१ क्रमांकाचं यंत्र असतं. आत भलतंच काही दिसलं तर आधी विचारायचं, मगच पुढे बोलायचं. झाकण मात्र घड्याळजीकडूनच उघडून घ्या, घरी सुरी घालू नका. आणि फोटोआधी घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासून चकचकीत करू नका. जाणकाराला जुने ओरखडे चालतात, घासलेल्या कडा चालत नाहीत.

शेवटी फोनवरच्या एका मुलीने नीट उत्तर दिलं. "मॅडम, चोरीचा माल येऊ नये म्हणून विचारतो." ही काळजी खरी आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण ज्याने घड्याळ उचललंय तो 'वडिलांचं होतं' असंच लिहिणार, आणि त्याचा अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होणार. मी त्यांना जुनी बिलं, गॅरंटी कार्डं आणि मनगटावर ती घड्याळं दिसतात असे घरातले जुने फोटो पाठवले. सोबत लिहिलं की वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ नुसार विकणाऱ्याला विकण्याचा हक्क असावा लागतो. कारण द्यावं लागतं असं त्यात कुठेही नाही. मग वरच्या कुणा अधिकाऱ्याचा फोन आला आणि जाहिरात लागली, तो रकाना कोरा ठेवून! त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून ते पान दाखवलं.

गिऱ्हाइकंही विचारतातच. पैशांची गरज म्हणालात की भाव पाडतात. वारशाने आलंय म्हणालात की "तुम्हाला काय उपयोग त्याचा, ताई, देऊन टाका" सुरू होतं. मी एकच वाक्य ठरवलं होतं: "कारण घरचं आहे, घड्याळाबद्दल काहीही विचारा." बहुतेकजण तेवढ्यावर समजून घेतात. न समजणारे घेणारेही नसतात, असं माझं मत झालंय. स्वतःहून कुणाला कारण सांगावंसं वाटलं तर जरूर सांगावं. पण घड्याळ मागे पडतं म्हणून किंवा सुटा भाग मिळत नाही म्हणून विकत असाल, तर ते जाहिरातीत लिहिलंच पाहिजे. तिथे कारण आणि दोष एकच असतात, आणि दोष लपवणं ही फसवणूक आहे.

'पायलट' सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतलं. त्यांनी विचारलं, "शेवटचं तेलपाणी कधी केलं होतं? वेळ लावताना खुंटी सटकते का?" बरीच वर्षं तेल घातलेलं नाही, हे मी सांगितलं. त्यांनी सर्व्हिसिंगचे पैसे कमी करून भाव सांगितला आणि मी आनंदाने हो म्हटलं. असं गिऱ्हाईक मिळालं तर शंभर-दोनशे रुपयांसाठी ताणू नका.

एक राहिलंच. सोनेरी मुलाम्याच्या 'कांचन'चा फोटो दिवसाउजेडी काढा आणि मुलामा जिथे उडालाय ती कड जवळून दाखवा. पार्सल करताना पट्टा काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर बक्कल काचेवर घासतं. आणि गिऱ्हाइकाला बिलं पाठवण्याआधी त्यांवरचं नाव-पत्ता झाकून घ्या. कंपनीला मूळ कागद दाखवावे लागतात, गिऱ्हाइकाला दुकानाचा शिक्का आणि तारीख पुरते.