डायरीचा चौथा महिना: माकडं, ‘तर’चं गेज आणि स्वल्पविराम

रोज रात्री एक पान इंग्रजी डायरी, हा माझा नाद आता चौथ्या महिन्यात आलाय. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट तपासतो, आणि रात्री स्वतःची वाक्यं तपासायला बसलो की रिजेक्शन म्हणजे काय ते कळतं. या महिन्यात एकच गोष्ट धरली होती. वाक्य ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ऑल्दो’, ‘व्हाइल’ अशा कशाने सुरू झालं, तर तो सुरुवातीचा तुकडा संपल्यावर स्वल्पविराम द्यायचा. (वाक्यं इथे देवनागरीत देतोय. मोठ्याने वाचा, बरं पडतं.)

निमित्त झालं ते भाचीचं हसणं. माझी वही तीच लाल पेनाने बघते. ब्रह्मगिरीला गेलो होतो त्या दिवसाचं पान होतं, आणि मी लिहिलं होतं: ‘व्हाइल वुई वेअर ईटिंग द मंकीज केम डाउन द स्टेप्स.’

“मामा, माकडं खाल्लीस तू?”

मला आधी कळेचना. मग तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. ‘ईटिंग’नंतर काहीच खूण नाही, म्हणून डोळा सरळ ‘ईटिंग द मंकीज’ असा घसरत जातो आणि ‘केम’वर आपटतो. की परत मागे या, परत वाचा. ‘ईटिंग’पुढे स्वल्पविराम टाकला आणि माकडं वाचली.

त्या रात्री मागची सगळी पानं काढली. पहिल्या दोन महिन्यांत मी सर्रास ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट’ लिहीत होतो. ‘जरी’ला ‘तरी’ हवाच ना! ‘इफ’ला ‘देन’, ‘व्हेन’लाही ‘देन’. भाचीने रागावून रागावून ते ‘बट’ नि ‘देन’ काढायला लावले. मी काढले, पण त्यांच्याबरोबर स्वल्पविरामही गेला. आपल्याकडे वाक्याचा सांधा ‘तर’, ‘तरी’, ‘तेव्हा’ धरून ठेवतात. इंग्रजीत तिथे शब्द नसतो, त्या सांध्याचा सगळा भार स्वल्पविरामावर असतो.

आमच्या घरी आजोबांचे जमिनीचे मोडी कागद आहेत. मला वाचता येत नाहीत, पण बघितले तरी कळतं, शब्दाशब्दांत जागासुद्धा सोडलेली नाही, विरामचिन्हं कुठली! मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालचं. त्याआधीचे लोक ‘तेव्हा’ नि ‘म्हणोन’वर बिनबोभाट काम भागवत होते. तेव्हा माझा हात स्वल्पविरामाकडे आपोआप जात नाही, यात फार लाजण्यासारखं काही नाही.

मग मी एक गेज बनवलं, आमच्या गो–नो-गोसारखं (पार्ट पास की रिजेक्ट, एवढंच सांगणारं माप). वाक्य मनात मराठीत म्हणायचं, ‘तर-तरी-तेव्हा’ जिथे बसतो तिथे इंग्रजीत स्वल्पविराम. ‘इफ दे ओपन द गंगापूर डॅम गेट्स, द वॉटर रीचेस दुतोंड्या मारुती.’ पाणी सोडलं तर… बसला. पण हेच वाक्य उलटं लिहिलं, ‘इफ’ मागे गेला, की स्वल्पविराम काढायचा. इथे गेज फसवतं, कारण मराठीत उलटवलं तरी ‘तर’ शेपटाला चिकटून राहतो: ‘येतो, वेळ मिळाला तर.’

शाळेतला ‘श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम’ हा नियम मात्र मी भंगारात काढलाय. त्या नियमाने ‘द मॅन हू सेल्स भेळ नियर रामकुंड, इज फ्रॉम सिन्नर’ असं झालं होतं. दम लागतो हे खरं, पण कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध पाचर ठोकली जाते. ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी इज माय एक्सरसाइज’ यातही नको, तिथे ‘वॉकिंग’ हाच कर्ता आहे. ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, आय मेट अ‍ॅन ओल्ड फ्रेंड’ यात हवा.

आणि याच ‘वॉकिंग’ने मला सगळ्यात जास्त रडवलं. वाक्य होतं: ‘वॉकिंग डाउन गंगापूर रोड, माय चप्पल ब्रोक.’ स्वल्पविराम बरोबर जागी. मी खूश. भाचीने अख्खं वाक्य गोल केलं. म्हणे, गंगापूर रोडने चप्पल एकटीच चालली होती का? मी तिच्याशी अर्धा तास भांडलो, कारण ‘गंगापूर रोडने जाताना चप्पल तुटली’ यात आपल्याला काही खटकत नाही. ‘-ताना’ला जाणारा एक आणि तुटणारी दुसरी चालते. इंग्रजीत स्वल्पविरामाच्या पलीकडे जो पहिला उभा असेल, त्याच्याच गळ्यात ते ‘वॉकिंग’ पडतं. म्हणून ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग डाउन गंगापूर रोड, माय चप्पल ब्रोक.’ तेव्हापासून मी स्वल्पविराम दिला की पलीकडे कोण उभा आहे ते बघतो. ‘-ऊन’मध्ये हा त्रास कमी, ‘जेवून मी झोपलो’ यात बहुतेक वेळा माणूस एकच असतो.

छोट्या सुरुवातीला, ‘इन द मॉर्निंग’ वगैरेंना, दिला काय नि नाही दिला काय, चालतं. मी देत नाही. अपवाद एक सापडला: ‘इन २०१५ २५ ऑफ अस वर्क्ड अ‍ॅट द कुंभमेळा.’ हा आकडा बघून कुणालाही घाम फुटेल. तिथे दिला.

हिशेब: पहिल्या आठवड्यात १७ स्वल्पविराम सुटले होते, शेवटच्या आठवड्यात ४. पण नवा रोग लागलाय, ‘बट’ने वाक्य सुरू केलं की त्याच्यापुढेही स्वल्पविराम पडतो. तो नकोय. ‘हाउएव्हर’पुढे हवा, म्हणून हात चुकतो. पुढच्या महिन्यात त्याच्या मागे लागणार.

काल रात्रीचं शेवटचं वाक्य: ‘व्हेन आय केम होम आफ्टर सेकंड शिफ्ट, माय नीस हॅड फिनिश्ड ऑल द मिसळ.’ सकाळी वही उघडली. स्वल्पविरामाला कुठेही लाल नाही. समासात मात्र लिहिलंय, “खोटं. अर्धी वाटी ठेवली होती.”