ऑपरेशननंतर अडकलेली लघवी आणि ॲक्युपंक्चर

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण गाठ सगळी निघाली का, केमो लागणार का एवढंच विचारतो. बाई घरी येते ती बऱ्याचदा लघवीची पिशवी घेऊन, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि तीही लाजेने बोलत नाही. माझ्या आईचं अगदी असंच झालं म्हणून हे लिहितेय.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यावर आईला लघवी लागल्याचं कळतच नव्हतं. ओटीपोट टम्म फुगलेलं आणि ती म्हणायची, "अगं, मला लागलीच नाहीये." बाथरूममध्ये नळ सोडून बसायची, पोट दाबायची, मग कुठे थेंब थेंब यायची. सोनोग्राफी केली तर लघवी करून आल्यावरही ब्लॅडरमध्ये (लघवीच्या पिशवीत) 300 मिलीच्या वर शिल्लक.

आईच्या कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. या ऑपरेशनमध्ये नुसती गर्भपिशवी नाही काढत, तिच्या दोन्ही बाजूंचे आणि मागचे बंधसुद्धा काढावे लागतात आणि ब्लॅडरला "भरलं" आणि "आता आवळ" असे निरोप पोचवणाऱ्या बारीक नसा नेमक्या तिथूनच जातात. काही तुटतात, काही नुसत्या ताणल्या जातात. ताणलेल्या नसा परत कामाला लागतात, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. तोवर ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून ब्लॅडर रिकामा करायचा, नाहीतर इन्फेक्शन होतं आणि किडनीवर ताण येतो. आईला आधी ते ऐकूनच रडू आलं होतं, पण नर्सताईंनी आरसा धरून इतकं शांतपणे शिकवलं की नंतर ती एकटी करायला लागली.

ॲक्युपंक्चरचं मावशीने सुचवलं. घरात लगेच "ते चायनीज काय करायचंय" सुरू झालं. पण आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या डॉ. बसूंनीच पुढे तिथे जाऊन ही विद्या शिकून कोलकात्यात आणली, आणि आता महाराष्ट्रात त्याची रीतसर कौन्सिल आहे. आम्ही आधी कॅन्सरच्या मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या तेव्हाच गेलो.

सुया कुठे टोचतात ते बघून मला खरंच नवल वाटलं. माकडहाडाच्या वर जे सपाट हाड असतं त्याला भोकं असतात, त्यातल्या दुसऱ्या भोकावर एक पॉइंट आहे, बीएल 32, आणि ब्लॅडरकडे जाणाऱ्या नसांची मुळं याच भागातून निघतात! दुसरा पॉइंट पायाच्या आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, एसपी 6. युरोलॉजिस्ट लोक ब्लॅडरच्या तक्रारींसाठी घोट्याजवळच्या टिबियल नर्व्हला सुईतून करंट देतात ते जवळपास याच जागी. आईच्या सुयांना छोटं मशीन जोडून हलका करंट द्यायचे, ती म्हणायची टोचल्याचं काही नाही गं, आत खोल जड जड वाटतं.

फरक पडला का? पडला. आधी ओटीपोटात भरल्यासारखं कळायला लागलं, मग धार सुटायला लागली, शिल्लक हळूहळू 100 च्या खाली आली. पण नसा आपल्या आपणही सावरतात, त्यामुळे यातलं किती श्रेय सुयांचं हे मी छातीठोकपणे नाही सांगणार. चीनमध्ये या ऑपरेशननंतरच्या बायकांवर बऱ्याच ट्रायल्स झाल्यात, शिल्लक लघवी कमी झाल्याचं त्यात दिसतं, पण त्यातल्या पुष्कळशा छोट्या आहेत. माझं मत विचाराल तर जोडीला जरूर घ्यावं, पण नळी बंद करायची की नाही ते शिल्लक मोजूनच ठरवावं, सुयावाल्याच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून अजिबात नाही.

आणि हे नीट वाचा. केमो चालू असेल तर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट बघितल्याशिवाय सुया नकोत. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी सांगा. ऑपरेशनमध्ये लिम्फ नोड्स (लसिकेच्या गाठी) काढले असतील आणि पाय सुजत असेल तर त्या पायाला टोचू देऊ नका, आईच्या डाव्या पायाला सूज होती म्हणून तिथली सुई वगळली होती. सुया दरवेळी नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं पाहिजे. ताप, थंडी, लाल किंवा घाण वासाची लघवी, किंवा पोट फुगून लघवी अजिबात होत नसेल तर ॲक्युपंक्चरच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.