ट्रॅक का देत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, कालच्या राइडचा ट्रॅक पाठवा ना." सरोवराचा एक फोटो टाकला की तासाभरात हा निरोप येतोच. म्युनिकमधले आपले लोक विचारतात, उन्हाळ्यात इकडे येणारे पुण्या-नाशिकचे सायकलवाले विचारतात, कधी ओळखही नसलेलं कोणी विचारतं. मी स्टेशनांची नावं सांगते, पाणी कुठे भरायचं ते सांगते, टायर किती रुंद हवेत ते सांगते. गेलेल्या वाटेची रेघ नकाशावर दाखवणारी जीपीएक्स फाइल, म्हणजेच तो ट्रॅक, तेवढी देत नाही. त्यावर "ताई रस्ते लपवतात" असं बोललं जातं, हे माझ्या कानावर आलंय. एकानं तर "जंगल काय यांच्या मालकीचं आहे का?" असं लिहिलं. ते लागलं मला. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

जंगल माझ्या मालकीचं नाही. म्युनिक ज्यात आहे त्या बव्हेरिया राज्याच्या राज्यघटनेतलं १४१वं कलमच सांगतं, की निसर्गाचा आनंद घेणं हा सगळ्यांचा हक्क आहे. योग्य त्या वाटांवरून सायकलही नेता येते, फक्त चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. शेजारच्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे. दक्षिणेला ऑस्ट्रियातल्या टिरोलची सीमा ओलांडली की जंगलातल्या रस्त्यावर सायकल घालायला जमीनमालकाची संमती लागते. तोच रस्ता, तीच खडी, कायदा मात्र वेगळा. फाइलमधली निळी रेघ सीमेवरून तशीच सरळ पुढे जाते. पण हे मी आज सांगते आहे, तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं. फाइल द्यायची बंद केली त्याचं कारण वेगळं आहे.

२०१६ पासून पाच वर्षं मी प्रत्येक राइडचा ट्रॅक सगळ्यांसाठी खुला ठेवत होते. वाटून रस्ता कमी होत नाही, असं मी तेव्हा लिहिलंही होतं आणि ते मनापासून लिहिलं होतं. मला हा प्रदेश दाखवला तो अनोळखी लोकांनी काढलेल्या रेघांनीच. इझार नदीच्या काठानं वोल्फ्राट्सहाउझेनपर्यंत आणि पुढे लेंगग्रीसपर्यंत कसं जायचं, झिल्व्हनश्टाइनच्या धरणाच्या वर कुठून निघायचं, ते धरण १९५९ साली पूर्ण झालं तेव्हा फाल नावाचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव वर वसवलं, हे सगळं मला त्या रेघांच्या मागे मागे जाताना कळलं. सांगलीजवळच्या गावात वाढलेल्या मुलीला दुसरं कोण सांगणार होतं?

आणि इथली खडी. तुम्ही तिला ग्रॅव्हल म्हणता, माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्याकडचा डब्ल्यूबीएमचा रस्ता येतो: खडी, तिच्यावर मुरूम, पाणी मारून रोलर फिरवलेला. जंगलातले इथले रस्ते साधारण तसेच बांधलेले असतात. खालची जमीनही खडीचीच. आल्प्समधून उतरलेल्या हिमनद्यांनी हे दगडगोटे घासत, लोळवत खाली आणले. त्यांच्याच जिभांनी आमरझे आणि स्टार्नबेर्गर झे ही सरोवरं कोरली. स्टार्नबेर्गर झेच्या दक्षिणेची ओस्टरझेन ही छोटी सरोवरं तर गाळाखाली अडकलेले बर्फाचे प्रचंड तुकडे नंतर वितळून झालेली आहेत. सरोवरांमधल्या आखूड, अंगावर येणाऱ्या टेकड्या हा त्या हिमनद्यांनी सोडलेला ढिगारा. मी तासन्‌तास सायकलवर असते ती यासाठी. चाकाखाली खडीचा आवाज बदलला की मान वर न करताही कळतं, की नदी सोडून आपण टेकडीला लागलो. नदीचा गोटा गोल असतो, टायरखालून निसटतो. क्रशरमधून आलेला दगड टोकदार असतो. रोलर फिरून बसला की घट्ट धरतो, पण नवा टाकलेला असेल तर चाक आत ओढतो.

आता पुढचं लिहायला मला चार वर्षं लागली.

ऑक्टोबर २०२१. दादा आणि वहिनी नात्यानं माझे कोणी नाहीत, पण माझी बारा दिवाळ्यांची पहिली आंघोळ त्यांच्या घरी झाली आहे. दादांनी त्या वसंतात ग्रॅव्हल बाइक घेतली होती. वाल्खनझे सरोवर आणि लेंगग्रीसच्या मधल्या जंगलातला माझा एक ट्रॅक त्यांनी पाहिला आणि फोन केला. तो मी जूनमध्ये लेंगग्रीसच्या बाजूनं चढले होते. दादा म्हणाले, "हिला एवढा चढ जमायचा नाही गं. उलट्या बाजूनं आलो तर?" वाल्खनझे समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे. तिथपर्यंत गाडीनं गेलं की चढ खरोखरच कमी होतो. मी नकाशा उघडला, उंचीचा आलेख पाहिला आणि लिहून पाठवलं: चालेल, उलट्या दिशेनंही मस्त आहे.

पाच शब्द. त्या उतारावरून मी आयुष्यात एकदाही खाली आले नव्हते.

जून ते ऑक्टोबरच्या मधे तिथे लाकूडतोड झाली होती. ओंडक्यांच्या ट्रकनी रस्ता फोडला होता, म्हणून त्यावर नवी खडी टाकली होती, लिंबाएवढी, टोकदार, अजून न दबलेली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तिचा वीतभर थर साचला होता. दादा वेगात वळणात आले आणि पुढचं चाक त्या थरात घुसलं. खांद्याचं हाड मोडलं, खुब्याचं मोडलं. फोनला रेंज नव्हती. वहिनींनी स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं, त्यांना तिथेच ठेवलं आणि एकट्या उतार चालत निघाल्या. पंचवीस मिनिटांनी रेंज आली तेव्हा ११२ लावला. पण "तुम्ही कुठे आहात?" याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. वाटेत त्या एका हिरव्या पाटीवरून गेल्या होत्या, पांढरा क्रॉस आणि खाली अक्षरं-आकडे असलेल्या. ती पाटी नेमकी यासाठीच असते. तिच्यावरचा क्रमांक सांगितला की मदत थेट तिथे पोचते. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. नकाशात चहाचं ठिकाण मात्र खुणेनं दाखवलं होतं.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात पोचले. दादांना आत नेलं होतं. वहिनी बाहेरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर दादांचं हेल्मेट. त्याच्या पट्ट्यात खडीची पांढरी भुकटी अडकली होती आणि त्या नखानं ती काढत होत्या. मी शेजारी बसले. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तू त्या उतारावरून उतरली होतीस का गं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि परत पट्ट्याकडे वळल्या.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. दादा त्रेपन्न वर्षांचे होते, लहान मूल नव्हते. "वेग माझा जास्त होता," हे ते आजही म्हणतात. लाकूडतोड मी केली नव्हती, खडी मी टाकली नव्हती. सायकल चालवणारा माणूस कधी ना कधी पडतो, मीही पडले आहे. हे सगळं खरं आहे आणि कोणी मला दोष दिला की मी हेच सगळं पुढे करते.

पण त्याच नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, मी तिथे गेले. सायकल हातात धरून तो उतार चालत उतरले. ते वळण आल्यावर ओळखलं. जूनमध्ये चढताना दम घ्यायला मी तिथेच थांबले होते, तिथूनच फोटो काढला होता. ट्रॅकबरोबर टाकलेला, तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलेला फोटो त्याच वळणाचा आहे. चालण्याच्या वेगानं तिथून जाणाऱ्या बाईला ते फक्त सुंदर दिसलं होतं.

रेघेत हे काही उतरत नाही. ती जूनची आहे की ऑक्टोबरची, चढणाऱ्याची आहे की उतरणाऱ्याची, आदल्या आठवड्यात मी त्याच फाट्यावरून माघारी फिरले होते की नाही, कशाचाच पत्ता लागत नाही. दुसऱ्याच्या हातात गेली की ती एकच गोष्ट सांगते: इथून जा, ताई गेली आहे.

पाच वर्षांपूर्वीची मी यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, तू नाही दिलास तर लोक अ‍ॅपमधून कुठलाही ट्रॅक उचलतात, त्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. तुझा दिलास तर निदान हिरव्या पाटीबद्दल चार ओळी सोबत जातील. ती असंही म्हणते, की तुला कोणी रेघ दिली नसती तर तू अजून डांबरावरच फिरत असतीस. मला तिचं खोडता येत नाही. तरी फाइल पाठवायची वेळ आली की हात पुढे जात नाही.

म्हणून मी म्हणते, नकाशा घेऊन या, दोघं बसून रेघ काढू. किंवा रविवारी बरोबर येते. काहींना यात अविश्वास वाटतो. अविश्वास आहेच, तो माझ्या "चालेल"वर आहे.

या एप्रिलमध्ये दादांचा मेसेज आला. खुब्यात धातूची पट्टी आहे, जिना चढताना अजून कठड्याला धरतात, पण सायकल पुन्हा सुरू केली आहे. "टुत्सिंगहून हेरशिंगला जायचंय, एका सरोवराकडून दुसऱ्याकडे, मधल्या टेकडीवरून. तुझा ट्रॅक पाठव." मी लगेच लिहिलं, शनिवारी मी येते, बरोबर जाऊ.

त्यांनी लिहिलं, "नको गं. एकट्यानं जायचंय. म्हणूनच ट्रॅक मागतोय."

त्यानंतर मी त्या वाटेनं दोनदा जाऊन आले, एकदा टुत्सिंगकडून, एकदा हेरशिंगकडून. दोन्ही फाइल माझ्याकडे आहेत. मेसेजला उत्तर अजून दिलेलं नाही.