फुकटचं पोस्टग्रेस विकताना: कोल्हापुरातला अनुभव

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) क्लाउडवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर चालवून द्यायचं, हा माझा धंदा. सॉफ्टवेअर फुकट आहे, मग पैसे कशाचे, असं प्रत्येक मालक विचारतो. डेटा गेला तर तो किती वेळात परत मिळेल, त्याचे.

डेटाबेस निवडताना आधी लायसन्स बघितलं. मोंगोडीबीनं २०१८ मध्ये आणि रेडिसनं २०२४ मध्ये लायसन्स बदललं, आणि दोन्ही वेळा रोख क्लाउडवर सेवा विकणाऱ्यांवर होता. पोस्टग्रेस कुणा एका कंपनीचं नाही, त्यामुळे विकायला आडकाठी नाही. नाव आणि हत्तीचं चिन्ह मात्र ट्रेडमार्क आहेत. ब्रँडमध्ये परवानगीशिवाय घालू नका.

मांडणी साधी ठेवली: प्रत्येक ग्राहकाला वेगळं मशिन, ८ जीबी रॅम असेल तर शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसनं स्वतःसाठी राखलेली मेमरी) २ जीबी, पुढे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर.

पहिला मोठा दणका रेप्लिकेशन स्लॉटनं दिला. रेप्लिका म्हणजे मुख्य सर्व्हरची चालती नक्कल, आणि स्लॉट म्हणजे तिनं कुठवर वाचलं याची मुख्य सर्व्हरवरची नोंद. चाचणीची रेप्लिका काढून टाकली, स्लॉट तसाच राहिला. कुणी वाचायला येईल म्हणून मुख्य सर्व्हर १६ एमबीच्या वॉल फायली (प्रत्येक बदलाची नोंदवही) साठवत बसला आणि डिस्क भरून बंद पडला. अशा वेळी वॉलच्या फोल्डरमधलं काहीही हातानं उडवू नका, डेटाबेस कायमचा जाऊ शकतो. आधी डिस्क वाढवा, सर्व्हर उठवा, मग स्लॉट काढा. स्लॉटसाठी किती वॉल साठवायची हे ठरवणारं ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ हे सेटिंग मुळात अमर्याद असतं. पहिल्या दिवशीच मर्यादा घाला.

पण खरी परीक्षा रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करण्याची. नुसता रात्रीचा डंप (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घेतला तर दिवसभराची मालाची चलनं जातात. म्हणून बेस बॅकअप (डेटाबेसच्या सगळ्या फायलींची प्रत) आणि सोबत वॉल अर्काइव्ह (वॉल फायली सतत बाहेर साठवणं), दोन्ही हवं. अर्काइव्ह अडकलं तरी डिस्क भरेपर्यंत डेटाबेस निवांत चालू राहतो, तेव्हा पीजी स्टॅट अर्काइव्हर या पोस्टग्रेसच्या तक्त्यातल्या फेल्ड काउंटवर (फसलेल्या प्रयत्नांच्या आकड्यावर) अलार्म लावा. दर महिन्याला कोऱ्या मशिनवर रिस्टोअर करून किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजतो. त्यात सापडलेल्या दोन गोष्टी सांगतोच. दुपारी २:१२ ला कुणी टेबल पुसलं, म्हणून रिकव्हरीची वेळ १४:१० दिली. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर ती आपली संध्याकाळची ७:४० होते, आणि ते पुसणंही परत घडतं. वेळेपुढे +०५:३० लिहायचंच. दुसरं, नव्या मशिनवर जीलिबसीची (लिनक्समधल्या मूळ लायब्ररीची) आवृत्ती वेगळी असेल तर अक्षरांचा क्रम बदलू शकतो. मग पार्टीचं (गिऱ्हाइकाचं) नाव टेबलात असूनही इंडेक्समधून, म्हणजे झटपट शोधायच्या क्रमवार सूचीतून, सापडत नाही. रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे ती सूची नव्यानं बांधल्याशिवाय, मशिन ग्राहकाच्या हाती देऊ नका.

बॅकअपची प्रत कारखान्यातच का नको, हे इथं समजावावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी सगळ्यांनी बघितलंय. एक प्रत मुंबईत, दुसरी हैदराबादला ठेवतो.

करारात दोनच आकडे टाकतो: जास्तीत जास्त किती मिनिटांचा डेटा जाईल आणि किती तासांत सगळं परत उभं राहील. तासांचा आकडा म्हणजे शेवटच्या रिस्टोअरला लागलेल्या वेळेच्या दुप्पट.